घटक ६ : अभिप्रायाची भाषा – छायाचित्राचे मूल्यमापन आणि सौजन्य

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• व्यक्तीवरील टीका आणि कृतीवरील टीका यांतील भाषिक फरक स्पष्ट करता येईल.
• क्रियापदाचे रूप अभिप्रायाचा अर्थ कसा बदलते, हे सांगता येईल.
• एखाद्या छायाचित्रावर विधायक अभिप्राय लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आले की नळदुर्ग किल्ल्यातील ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे कोसळू लागतात. बंधाऱ्याच्या पोटातील आदिलशाही काळातला पाणीमहाल आणि त्यावरून पडणारे पाणी टिपण्यासाठी हौशी छायाचित्रकारांची गर्दी होते. टिपलेले चित्र फोनवरून क्षणात अनेकांपुढे जाते आणि त्यावर अभिप्राय येऊ लागतात. समोरासमोरच्या बोलण्यात स्वर आणि चेहरा शब्दांची धार कमी करतात. लेखी अभिप्रायाला हा आधार नसतो. तेथे सारा भार शब्दांवर आणि वाक्यरचनेवर पडतो. नवशिक्या व्यक्तीने कॅमेरा पुन्हा हाती घ्यावा की नाही, हे कधीकधी अशा एका वाक्यावर ठरते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ दोष कोणाच्या माथी?

पुढील वाक्ये पाहा.

(अ) तू फोटो बिघडवलास.
(आ) फोटो बिघडला.
(इ) पाण्याचा भाग अतिउजळ झाल्याने त्याचा पोत दिसत नाही. एक्स्पोजर थोडे कमी ठेवून पाहावे.

वाक्य (अ) मधील ‘तू’ गाळला तरी ‘बिघडवलास’मधील ‘स’ कर्त्याकडे बोट दाखवतोच. ‘तुम्ही फोटो बिघडवलात’ असे आदरार्थी रूप योजले, तरी आरोप कायम राहतो. सौजन्य केवळ सर्वनामात नसते, हे येथे लक्षात घ्यावे. वाक्य (आ) मध्ये ‘बिघडणे’ हे अकर्मक क्रियापद आल्याने कर्ता सुटला. परंतु काय बिघडले, हेही कळेनासे झाले. हे वाक्य दुखवत नाही आणि शिकवतही नाही. वाक्य (इ) दोष छायाचित्रात दाखवते, त्याचे कारण सांगते आणि ‘पाहावे’ या विध्यर्थी रूपाने उपाय सुचवते. आज्ञार्थातील हुकूम येथे नाही. निर्णय छायाचित्रकाराकडेच राहतो.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सौजन्याच्या सिद्धान्तात मांडले आहे की, प्रत्येक व्यक्तीला आपली सामाजिक प्रतिमा जपायची असते आणि टीकेमुळे त्या प्रतिमेला धोका पोहोचतो. धोका टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘अप्रतिम!’, ‘झकास!’ असे लिहून मोकळे होणे. परंतु बंधाऱ्याची भिंत चित्रात तिरकी आली असताना शंभर जणांनी ‘झकास’ म्हटले, तर पुढच्या वर्षीही ती तिरकीच येईल. पोकळ स्तुती हे सौजन्य नव्हे. ती शिकणाऱ्याची उपेक्षा आहे.

६.२.२ ‘कच्चे’ आणि ‘फुटके’

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव. परंपरागत कथेनुसार, जमलेल्या संतांपैकी पक्के कोण आणि कच्चे कोण, हे पाहण्यासाठी गोरोबाकाकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. इतर शांत राहिले, नामदेवांना मात्र राग आला आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला.

या कथेतील विशेषण अभ्यासण्याजोगे आहे. ‘कच्चे’ म्हणजे अजून न भाजलेले. ‘फुटके’ म्हणजे कामातून गेलेले. पहिल्या शब्दात पुढची शक्यता शिल्लक आहे; दुसऱ्यात ती संपली आहे. ‘तुला नजरच नाही’ हा ‘फुटके’ ठरवणारा अभिप्राय होय. ‘शटरगती अजून वाढवली असती, तर तुषार वेगवेगळे दिसले असते’ हा ‘कच्चे’ सांगणारा अभिप्राय होय. येथे ‘अजून’ हे क्रियाविशेषण आणि संकेतार्थ या दोहोंनी सुधारणेची वाट मोकळी ठेवली आहे. शिवाय कथेत निवाडा तेरला मिळाला, तर दिशा विसोबांकडे मिळाली. पूर्ण अभिप्रायात ही दोन्ही कामे करावी लागतात.

६.२.३ विचारणाऱ्याची जबाबदारी

‘कसा वाटला?’ या प्रश्नाला बहुधा ‘छान’ हेच उत्तर येते. ‘पाण्याची गती जाणवते का?’ असे विचारले, तर पाहणारा चित्राकडे पुन्हा वळतो. नेमका प्रश्न नेमका अभिप्राय मिळवून देतो. तसेच, उत्तर अप्रिय असले तरी त्यातील निरीक्षण आणि त्याचा सूर वेगवेगळे करून पाहण्याची सवय अभिप्राय घेणाऱ्याने लावून घ्यावी.

६.३ सारांश

सौजन्य म्हणजे सत्य सौम्य करणे नव्हे, तर दोष योग्य जागी ठेवणे. व्यक्तीऐवजी कृतीविषयी बोलणे, कारण देणे आणि उपाय सुचवणे ही विधायक टीकेची तीन अंगे आहेत. मराठीतील विध्यर्थ, संकेतार्थ आणि अकर्मक रचना त्यासाठी उपयोगी पडतात. मात्र नेमके निरीक्षण नसेल, तर त्या निव्वळ आडपडदा ठरतात.

६.४ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘बिघडणे–बिघडवणे’ यांसारख्या क्रियापदांच्या आणखी तीन जोड्या लिहून त्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. ‘असला फोटो कोणी काढतो का?’ या वाक्याचे विधायक अभिप्रायात रूपांतर करा.
३. आपल्या गावातील एखाद्या वास्तूचे छायाचित्र निवडा व त्यावर पाच वाक्यांत अभिप्राय लिहा. प्रत्येक वाक्यातील कर्ता अधोरेखित करा.