पोलोची कॉलर आणि सुटलेले दोन लॉट

प्रश्न : हिंजवडीतल्या कंपन्यांना मी लोगो छापलेले पुरुषांचे पोलो टी-शर्ट पुरवतो. माल चीनहून न्हावा-शेवाला येतो. पुरवठादाराच्या बिलावर ‘टी-शर्ट, ६१०९’ असं होतं, त्याच कोडवर दोन लॉट सुटले. आता नवा सीएचए (कस्टम्स एजंट) व्हॉट्सअॅपवर सांगतो, ६१०५ लावा. ड्यूटी वाढेल असं दिसतं. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, माण (ता. मुळशी)

उत्तर : सीएचएचं ऐका, तेवढ्यासाठी पत्र लिहायची गरज नव्हती. दोन्ही कोड प्रकरण ६१ मधले, म्हणजे होजिअरीचेच. पण ६१०९ मधला टी-शर्ट बिनकॉलरचा, गळ्याशी न उघडणारा. कॉलर आणि बटणपट्टी आली की तो पुरुषांचा विणीचा शर्ट, ६१०५. (कमरेखाली खिसा किंवा खाली रिबची पट्टी असेल तर तिथूनही बाहेर.) दुकानात त्याला काय म्हणतात याला टॅरिफमध्ये किंमत नाही. पोटकोड ठरतो तो कापूस-पॉलिस्टरमध्ये वजनाने जास्त काय यावर.

तुमची खरी धास्ती सुटलेल्या दोन लॉटची आहे, आणि ती रास्त आहे. ‘कस्टम्सने माल सोडला म्हणजे कोड मान्य केला’ हा समज आयातदारांना बुडवतो. २०११ पासून कस्टम्स कायद्याच्या कलम १७ नुसार ड्यूटीची आकारणी आयातदार स्वतःच करतो. खातं बहुतेकदा त्याच्या शब्दावर माल सोडतं आणि कागद मागाहून तपासतं. कोड पुरवठादाराने लिहिला ही सबब चालत नाही, बिल ऑफ एंट्रीवर नाव तुमचं आहे. साधी चूक असेल तर कलम २८ खालची नोटीस दोन वर्षांत यावी लागते. जाणूनबुजून खोटं सांगितलं किंवा लपवलं असं ठरलं तर मुदत पाच वर्षं, वर ड्यूटीइतका दंड. आता तो व्हॉट्सअॅप निरोप पुन्हा वाचा. तो येईपर्यंत तुमची चूक अज्ञानाची होती. तिसरा लॉट ६१०९ वर काढलात तर तोच निरोप तुमच्याविरुद्धचा पुरावा. गुपचूप ६१०५ लावून मागचं विसरलात, तर एकाच पुरवठादाराचा एकच माल दोन कोडवर दिसेल, आणि कळूनही गप्प का राहिलात याचा खुलासा द्यावा लागेल.

आपणहून पैसे भरणं म्हणजे झोपलेल्याला उठवणं, असं कोणी सांगेल. कायदा उलट सांगतो. लबाडी नसेल आणि नोटिशीआधी फरक व्याजासह भरून लेखी कळवलं, तर त्या रकमेपुरती नोटीस नाही, दंडही नाही. व्याज वर्षाला १५ टक्के आहे, तेव्हा रेंगाळू नका. हिशोबात नुसती टक्केवारी धरू नका : या प्रकरणातल्या बऱ्याच नोंदींवर ‘इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, जे जास्त ते’ असा दर असतो, आणि स्वस्त मालाला नगाचाच दर बसतो. बिलात किंमत कमी दाखवून भरपाई करायचा विचार असेल तर आधी वकील गाठा. पुरवठादार बदलून बांगलादेशकडे वळलात, तरी मागचे लॉट धुतले जात नाहीत.

पुढच्या नव्या डिझाइनसाठी ऑर्डरआधीच मुंबईच्या कस्टम्स अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे कोड ठरवून घ्यायला अर्ज करा. आणि जुन्या दोन लॉटमधला एकेक नग विकू नका, वाद झाला तर दाखवायला तोच लागेल.