परिचारिकांचा क्लम व वेगधारण

चरकाचार्यांनी चिकित्साचतुष्पादात परिचारकाची गणना केली आहे. कोविडच्या साथीत हाच पाद खचला. १५ जून २०२० रोजी अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू होईतो वसई-विरारहून मुंबईच्या रुग्णालयांत जाणाऱ्या परिचारिकांची भिस्त बसगाड्यांवर होती. पुढे ड्यूटीभर पीपीई किट. त्यात मूत्र, क्षुधा, तृष्णा, निद्रा, श्रमश्वास, इतकेच काय, अश्रूंचाही वेग रोखावा लागे. चरकोक्त तेरा अधारणीय वेगांपैकी हे सहा! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला व्याधी न मानता व्यवसायजन्य अवस्थाच म्हटले.

आजही एखादी परिचारिका थकव्यासाठी अश्वगंधा मागावयास आल्यास औषधविक्रेत्याने प्रथम रात्रपाळी, झोप, मूत्रप्रवृत्ती व थायरॉइडची चालू औषधे यांविषयी विचारावे. निदानपरिवर्जनाविना रसायन अपुरे. वैद्याने विश्रांतीचे प्रमाणपत्रही निःसंकोच द्यावे.