नाटक आणि मैदान

"पोरगं हायस्कुलात जातं, पण शिकतं कुठं? आज काय, तर नाटकाची तालीम. उद्या काय, तर खेळाचे सामने. आम्ही काय एवढ्यासाठी त्याला शाळेत घातलं?"

गावोगावचे आईबाप असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. जो पोटाला चिमटा घेऊन पोराला शिकवतो, त्याने हिशेब मागावाच. तर मंडळी, आपण हा हिशेब मांडून पाहू.

नववीची पायरी

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकारने २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा केला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. म्हणजे आठवीपर्यंत कायदा पाठीशी आहे.

नववीपासून कायद्याचा हात सुटतो. पुढे शिकवायचे की नाही, हे घर ठरवते. नेमक्या याच वयात मुलगा औताला उपयोगी पडू लागतो. मुलीच्या लग्नाची बोलणी निघतात. गणित, इंग्रजी अवघड जाते. मग मूलही म्हणते, "मला नाही जायचं शाळेत."

अशा मुलाला शाळेत धरून ठेवणारा दोर कोणता? पुष्कळदा तो दोर नाटकाचा असतो, नाही तर खेळाचा. ज्याला गणितात शाबासकी मिळत नाही, त्याला खो-खोत मिळते. ज्याला शाबासकी मिळते, तो दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. आला म्हणजे गणितही थोडे थोडे कानावर पडते.

नाटकात काय शिकतात?

आपल्याकडे नाटक काही नवे नाही. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून धरतात. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एक कुणबी आणि त्याची बायको आहे. अडाणीपणामुळे ती दोघे फसतात, लुबाडली जातात. शेवटी ती शहाणी होतात आणि शिकायला निघतात. तुमची आमचीच गोष्ट ती!

शाळेचे स्नेहसंमेलन बहुधा हिवाळ्यात असते. त्यासाठी मुले महिनाभर खपतात. आपले भाषण वाचायचे, समजून घ्यायचे, पाठ करायचे. शेवटच्या रांगेतल्या म्हातारबाबाला ऐकू जाईल असे खणखणीत बोलायचे. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबायचे. कोणी पडदा शिवतो. कोणी खर्चाची वही ठेवतो. जो चार लोकांसमोर धीटपणे बोलायला शिकला, तो उद्या ग्रामसभेत उभा राहून प्रश्न विचारील. कचेरीत साहेबापुढे त्याची बोबडी वळणार नाही.

एक आई म्हणते, "गुरुजी, पोराचं ठीक आहे. पण पोरीनं तोंडाला रंग लावायचा म्हणजे...! लोक काय म्हणतील?"

गुरुजी म्हणतात, "बाई, लोक एक दिवस बोलतील. पण तुमच्या पोरीला बोलता आलं, तर ती जन्मभर बोलेल. सासरी कोणी गांजलं, तर गप्प बसणार नाही. तुमची काळजी मात्र खोटी नाही. तालीम दिवसाउजेडी घ्यायला सांगा. उशीर होणार असेल तर घरचं माणूस न्यायला जाऊ द्या. पण पोरीला मागं ओढू नका."

मैदानावर काय शिकतात?

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथले खाशाबा जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले. शाळाही केली आणि कुस्तीही केली. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे होते, पण पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतात एकट्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. शाळा सोडली असती, तर फौजदारी मिळाली असती का?

आता अलीकडचे पाहा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. खो-खोला लागते काय? दोन खांब आणि मोकळी जागा.

सगळी मुले कर्णधार होणार नाहीत. पण अंग सर्वांनाच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत करावी. धावणे, सूर्यनमस्कार, जोर-बैठका, कबड्डी यांना पैसा पडत नाही.

झटपट शरीराचा मोह

आता एक सावधगिरी. मुले मोबाइलवर पिळदार दंडांची चित्रे पाहतात. मग जिम लावतात, पावडरीचे महागडे डबे मागतात. डब्यातले मुख्य सत्त्व म्हणजे प्रथिने. ती डाळीत, शेंगदाण्यात, दुधात, अंड्यात आहेतच. वाढत्या मुलाला डब्याची गरज नाही. कोणी दंड फुगवण्याची गोळी किंवा सुई देत असेल, तर तिथून पोराला ताबडतोब बाहेर काढा. त्या स्टेरॉइडने हृदय आणि यकृत बिघडते. वाढत्या वयात उंचीही खुंटते.

मुलींचे उलटे. बारीक दिसावे म्हणून त्या जेवण तोडतात. आधीच रक्त कमी, त्यात उपास! शाळेत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देतात. ती पोटात जेवण असताना घ्यायची. मुलगी ती खाते की फेकते, हे आईने विचारावे.

आईबापांनी काय करावे?

अभ्यास, नाटक, खेळ यांची वेळ मुलाबरोबर बसून ठरवा. परीक्षा जवळ आली की तालीम बंद. संमेलनाला स्वतः जा, मागे का होईना, पण बसा. आणि तुम्ही आता वाचायला शिकलात ना? मग पोराच्या हातातली नाटकाची वही घ्या. समोरच्या पात्राचे बोलणे तुम्ही वाचा, त्याला त्याचे म्हणू द्या. त्याचे पाठांतर होईल, तुमचे वाचन होईल.

वाचा आणि सांगा

१. कायद्याने शिक्षण कोणत्या वयापर्यंत सक्तीचे आहे?
२. 'तृतीय रत्न' नाटकातले नवराबायको शेवटी काय करतात?
३. खाशाबांना परदेशी जायला कोणी कोणी मदत केली?
४. पावडरीऐवजी मुलाला काय खाऊ घालाल?
५. तुमच्या गावात नववीत शाळा सोडलेली मुले किती? त्यांच्या आईबापांना हा धडा वाचून दाखवा.