खोडलेलं आडनाव

त्या यादीवर माझं आडनाव होतं. एक अक्षर चुकलेलं, पण माझंच. त्यावर निळ्या पेनाने आडवी रेघ मारली होती आणि वर बारीक अक्षरात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लिहिलं होतं. मोटेलच्या काउंटरवर, स्टेपलर आणि चॉकलेटच्या वाटीच्या मधे, ती यादी माझ्या बाजूने उलटी पडली होती, त्यामुळे वाचायला थोडा वेळ लागला. तोवर समोरचा माणूस तीनदा सांगून चुकला होता की, तुमचं बुकिंग सिस्टिममध्ये दिसतच नाही.

‘पैसे आधीच भरून टाकायचे ना!’ हे मला तेव्हापासून इतक्या जणांनी ऐकवलंय, की एकदा सगळं लिहून टाकावं असं वाटलं. बुकिंग एप्रिलमध्येच एका साइटवर केलं होतं. एका रात्रीचे 78 डॉलर. कन्फर्मेशनचा ई-मेल होता, त्याची छापील प्रत पर्समध्ये होती. आठवडाभर आधी फोनही केला होता. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला. ‘आराम से आइए बेटा, रूम आपका ही है.’ फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, ‘चला, आपलं माणूस आहे.’ याहून अधिक काय करायचं असतं माणसाने?

सिएटलहून कॅलिफोर्नियाकडे गाडीने जाणारी बहुतेक माणसं यूजीनला थांबतात ती पेट्रोल भरायला आणि पाय मोकळे करायला. आम्ही थांबणार होतो माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी. साताऱ्यात सगळी नोकरी पीटी शिकवण्यात गेली, सहासष्टाव्या वर्षी अजून यवतेश्वरचा घाट पळत चढतात. त्यांच्या लेखी ओरेगॉन म्हणजे यूजीनचं हेवर्ड फील्ड स्टेडियम. 2022 ची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तिथे झाली. नीरज चोप्राने 88.13 मीटर भाला फेकून रौप्य मिळवलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. अण्णांच्या लक्षात आहे ती त्याआधीची स्टीपलचेसची फायनल. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्यात अकरावा आला. ‘बीडचं पोरगं जगात अकरावं!’ हे वाक्य आमच्या घरात किती वेळा झालंय याला गणती नाही.

पोर्टलंड सोडल्यापासून ते मला बिल बॉवरमनबद्दल सांगत होते. ओरेगॉन विद्यापीठाचा कोच. 1962 मध्ये न्यूझीलंडला गेला, तिथला कोच आर्थर लिडियार्डकडे साधी, वय झालेली माणसं आपल्या बेताने पळताना पाहिली आणि परत येऊन यूजीनच्या लोकांना जॉगिंगला लावलं. नायकीच्या दोन संस्थापकांपैकी एक तोच. बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून त्याने बुटाचा तळ बनवून पाहिला होता. अण्णा हे सगळं अशा उत्साहाने सांगत होते की मी दोनदा एक्झिट चुकणार होते. मधेमधे शिंकतही होते. हे विलामेट नदीचं खोरं म्हणजे गवताच्या बियाण्याची शेती, आणि जूनमध्ये त्या गवताचे परागकण हवेत भरलेले असतात. ज्यांना कधी अ‍ॅलर्जी नव्हती त्यांचेही डोळे चुरचुरतात. गाडीच्या काचा बंद ठेवा आणि सेटिरिझिन जवळ बाळगा.

आम्ही पोचलो 13 जून 2025 ला, शुक्रवारी संध्याकाळी. त्या आठवड्यात हेवर्ड फील्डवर अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती आणि पाठोपाठ विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. देशभरातले धावपटू, त्यांचे कोच, आईबाप, सगळे त्या एका गावात. मला हे ठाऊक नव्हतं, मान्य आहे. मोटेलवाल्याला मात्र ठाऊक होतं.

मी यादीवर बोट ठेवलं. ‘हे माझं नाव आहे.’ त्याने ती शांतपणे पालथी घातली. मग माझ्याकडे न बघता, आवाज खाली आणून म्हणाला, ‘समझा करो बेटा, इवेंट है.’

त्या एका वाक्याने मला सगळं कळलं. आतापर्यंत बुकिंग सापडत नव्हतं, साइटची चूक होती, ई-मेल त्यांच्याकडे आलाच नव्हता. आणि आता इव्हेंट होता. मी फोनवर तेच मोटेल उघडलं. एक खोली शिल्लक, 264 डॉलर. स्क्रीन त्याच्यासमोर धरली. ‘रेट तो कंप्यूटर तय करता है,’ म्हणाला. माझं नाव खोडायला कंप्यूटरने निळं पेन उचललं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि अजूनही रात्री आठवलं की झोप उडते. निघताना त्याने वाटीतली दोन चॉकलेटं आईच्या हातात ठेवली. आईने ती घेतली, कारण समोरच्याने हातावर ठेवलेलं नाकारायचं नसतं असं तिला आयुष्यभर वाटत आलंय.

बुकिंग साइटच्या हेल्पलाइनवर पन्नास मिनिटं गाणं ऐकलं. मग कळलं की मोटेलने आमची नोंद ‘नो-शो’ अशी केली आहे, म्हणजे पाहुणे आलेच नाहीत. मी त्याच मोटेलच्या पार्किंगमध्ये उभी राहून हे ऐकत होते. भरपाई म्हणून पुढच्या वेळेसाठी 20 डॉलरचं कूपन देऊ केलं.

आता जे शिकले ते सांगते. यूजीनमध्ये मुक्काम करायचा असेल तर तारीख ठरवण्याआधी हेवर्ड फील्डचं आणि गावातल्या इतर स्पर्धांचं वेळापत्रक बघा. जूनमध्ये कॉलेजांची स्पर्धा, उन्हाळ्यात प्रीफाँटेन क्लासिक, एप्रिलच्या अखेरीस मॅरेथॉन, शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉलचे सामने. या दिवसांत स्वस्त मोटेलचा दर तिप्पट होतो, आणि दर तिप्पट झाला की जुन्या दराचं बुकिंग मालकाला खुपायला लागतं. ‘तिथे गेल्यावर पैसे भरा’ हा पर्याय घेऊ नका. शक्यतो थेट मोटेलकडे बुकिंग करा, पैसे भरा आणि साइटचा नव्हे, मोटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर लेखी मागून घ्या. फोनवरच्या गोड बोलण्याचा पुरावा होत नाही, मग भाषा कुठलीही असो. दुपारीच पोचा. खोल्यांपेक्षा बुकिंगं जास्त घेतलेली असतील तर संध्याकाळी उशिरा येणाऱ्याचंच नाव कापलं जातं. आणि कापलंच, तर दुसरीकडे खोली बघून द्या म्हणून काउंटरवरच अडून बसा, गाडीत जाऊन बसू नका. मी बसले. यादीचा फोटोही काढला नाही, आणि तक्रार करताना हातात दाखवायला काहीच नव्हतं.

सोबत पाणी, पांघरूण, थोडं खायला ठेवा, हे तर सगळेच सांगतात.

स्प्रिंगफील्ड हे शेजारचं गाव, पण त्या रात्री तिथेही खोली नव्हती. अशा वेळी तास-दीड तास पुढे रोझबर्गपर्यंत जावं. मी सकाळपासून गाडी चालवत होते, अंधार पडला होता, मला ते झेपलं नसतं. म्हणून कॉटेज ग्रोव्हच्या अलीकडे हायवेच्या रेस्ट एरियात थांबलो. ओरेगॉनमध्ये तिथे बारा तासांपर्यंत गाडी उभी करता येते, तंबू मात्र ठोकता येत नाही. हा नियम माहीत असल्यामुळे निदान पोलिस उठवतील ही धास्ती नव्हती. अण्णा पुढच्या सीटवर, आई मागे पाय दुमडून. तिचा गुडघा दुखतो, पाय लांब करायला जागा नव्हती. रात्रभर शेजारी ट्रकांची इंजिनं चालू होती. आई एकदाच बोलली, ‘त्याला आपण काय केलं होतं गं?’ त्या माणसाला माझ्याकडून माफी मिळणार नाही.

पहाटे अण्णा म्हणाले, आलोच आहोत तर परत जाऊन येऊ. हेवर्ड फील्ड फाटकातूनच पाहिलं, तिकिटाचे पैसे नव्हते. तुम्ही खास त्यासाठी जाणार असाल तर स्पर्धा नसलेल्या दिवशी आत सोडतात का, हे विद्यापीठाकडे आधी विचारून घ्या. मग धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेन गेला त्या जागेवर गेलो. 30 मे 1975 ला, चोविसाव्या वर्षी, त्याची गाडी तिथल्या खडकावर आदळली. नुकतीच पन्नास वर्षं झाली होती. दगडाशी पदकं, बूट, छातीवर लावायचे नंबर यांचा ढीग होता. रस्ता अरुंद आहे, वळणाचा आहे, आजूबाजूला लोकांची घरं आहेत. गाडी हेन्ड्रिक्स पार्कच्या बाजूला लावून चालत जा.

शेवटी त्याच्याच नावाचा, नदीकाठचा प्रीज् ट्रेल. जवळजवळ साडेसहा किलोमीटरची वाट, सगळीकडे लाकडाच्या ढलप्या अंथरलेल्या, गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून. दोन्ही बाजूंनी माणसं पळत येत होती, कॉलेजची पोरं, पांढऱ्या केसांच्या बायका, ढकलगाडीत बाळ घेतलेले बाप. आणि येताजाता प्रत्येक जण अण्णांना हात करत होता. गाडीत अवघडून रात्र काढलेला माणूस पूर्ण फेरी पळून आला. बुटात अडकलेली एक ढलपी त्यांनी काढली, निरखून पाहिली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

आई गाडीत झोपली होती. रात्रभरात तिचा पहिल्यांदाच डोळा लागला होता, म्हणून आम्ही दोघं अर्धा तास बाहेरच उभे राहिलो.