शेजाऱ्याची खिडकी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे हे गाव आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, येथेच ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवर मराठीत टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. छापील ज्ञानेश्वरी उघडली की आधी मूळ संस्कृत श्लोक दिसतो आणि त्याखाली त्याचे विवरण करणाऱ्या ओव्या. गीतेचे श्लोक ७००, ओव्या सुमारे ९०००. तरीही कोणते शब्द कोणाचे, याविषयी वाचकाची फसगत होत नाही.

दुसऱ्याचे लेखन आपल्या लेखनाशेजारी मांडण्याची सोय आज संगणकावरही आहे. समजा, एखाद्या शाळेने आपल्या संकेतस्थळावर गावाची माहिती लिहिली. तीत प्रवरेचा नकाशा हवा आहे. तो नव्याने काढण्याऐवजी पानात एक चौकट ठेवावयाची व नकाशाच्या मूळ स्थळाचा पत्ता तिला द्यावयाचा. मग वाचकाचा संगणक मजकूर शाळेच्या स्थळावरून आणतो आणि नकाशा त्याच्या मालकाच्या स्थळावरून. ही चौकट म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणाकडे उघडणारी खिडकीच होय. मालकाने नकाशा सुधारला, तर तो खिडकीतून सुधारलेलाच दिसतो. त्याने आडोसा केला, तर मात्र खिडकी रिकामी राहते. असा आडोसा करण्याची सोय मालकाच्या हाती असते.

नकलेची गोष्ट निराळी. नक्कल एकदा मुळापासून तुटली, की तिच्यात शिरलेली चूक पुढे पुढे जात राहते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींतही कालांतराने पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ते पाठ तपासून ग्रंथ शुद्ध केला. एकनाथ स्वतः थोर कवी होते. आपल्या चार ओव्या मध्ये मिसळणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी आपले शब्द ग्रंथाच्या शेवटी, शक व नाव सांगून, वेगळे ठेविले आणि या ग्रंथात कोणीही स्वतःच्या ओव्यांची भर घालू नये, असे बजाविले.

साधने बदलली, तरी रीत तीच आहे. दुसऱ्याचे धन आपल्या पानावर आणताना त्याची अनुमती घ्यावी, त्याचे नाव सांगावे, त्यात मोडतोड करू नये आणि आपले शब्द आपल्याच नावाने लिहावेत.

स्वाध्याय
१. चौकटीला खिडकीची उपमा का दिली आहे?
२. चौकट व नक्कल यांतील भेद सांगा.
३. एकनाथांनी आपल्या ओव्या वेगळ्या का ठेविल्या असतील?