माउस कोणता घ्यावा, आणि ठेवावा कुठे?

प्रश्न : माझं पणदऱ्यात आपले सरकार सेवा केंद्र आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर यांची रीघ लागते आणि रात्रीपर्यंत माउस हातातून सुटत नाही. उजवा खांदा भरून येतो, मनगट ठणकतं. वायरलेस माउस घेतला तर फरक पडेल का? की हस्तांदोलन केल्यासारखा धरायचा तो उभा माउस घेऊ? महाग असला तरी चालेल, पण एकदाच काय तो घेईन.
— एक वाचक, पणदरे (ता. बारामती)

उत्तर : पैसे काढण्याआधी एकदा आपल्या टेबलाकडे बघा. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा पॅड आहे. आधार क्रमांक, मोबाइल नंबर, पिनकोड सगळं त्यावरच भरायचं, म्हणून तो सोडता येत नाही. माउस त्याच्याही पलीकडे. म्हणजे उजवा हात दिवसभर अंगापासून फाकलेला, बहुधा अधांतरी, आणि त्याचा भार खांद्यावर. खांदा भरून येणारच. माउसला वायर आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. आणि सोमेश्वर कुठे ते पणदरेकरांना मी काय सांगावं!

पहिला उपाय फुकटचा आहे. माउस डाव्या हाताला द्या, आकडे उजव्याकडे राहू द्या. कामाची अशी वाटणी नवी नाही. माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत आपलं यंत्र जगाला दाखवलं, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचं वेगळं उपकरण. दोन्ही हात कामाला लावायचे, हा त्यांचा मूळ विचारच होता. पुढे सगळा बोजा उजव्यावर पडला. डाव्या हाताने पहिले काही दिवस बाण भलतीकडे पळेल, गिऱ्हाईक हसेल. म्हणून ही सवय निकालाच्या गर्दीत नव्हे, सामसूम असते त्या महिन्यात लावा. त्याच संगणकावर आणखी कोणी बसत असेल, तर सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करू नका, बोटांचीच करा.

हे ठरलं की निवड आपोआप सोपी होते. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा, साधा माउस घ्या, म्हणजे एक हात दमला की दुसऱ्याकडे देता येतो. उभा माउस एकाच हाताचा असतो. डाव्या हातासाठीही तो मिळतो, पण मग उजव्याला त्याचा उपयोग नाही.

उभ्या माउसचा गुण असा की पंजा पालथा पडत नाही, त्यामुळे कोपरापासूनचा हात कमी पिळला जातो. काहींना त्याने खरंच बरं वाटतं. पण तो मनगटाची नस मोकळी करतो, ही समजूत मात्र तपासून घ्यावी. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांच्या नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. हा बोगदा आवळला गेलेल्या रुग्णांवर २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उभ्या माउसने आणि मनगटाखालच्या खास पॅडने मनगटाची ठेवण बदलली, पण बोगद्यातला दाब काही कमी झाला नाही. मऊ उशीवर मनगट टेकून बसायची हौस असेल तर तीही आवरा. टेकवायचाच तर कोपरापुढचा हात टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवा.

आता माप. चपलेसारखा माउसही घालून बघून घ्यायचा असतो. दुकानात डबा उघडायला लावा आणि पंजा सैल सोडा. तळवा माउसच्या पाठीवर टेकला आणि बोटं बटणांवर आपसूक पडली, तर माप बरोबर. लॅपटॉपबरोबर मिळणारे चिमुकले माउस बोटांच्या चिमटीत धरावे लागतात. त्यांनी अंगठ्याचं मूळ दुखतं.

मग वायरलेसचा फायदा काय? हाच, की तो डावी-उजवीकडे सहज फिरतो आणि अर्ज लिहायला टेबल मोकळं होतं. बदल्यात सेलचं ओझं येतं; एक साधा पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो. त्याहून मोठी कटकट अडखळणाऱ्या बाणाची. माउसचा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी ३.० च्या उपकरणांचा गोंगाट नेमका तिथेच पोचतो, हे इंटेलनेच २०१२ साली दाखवून दिलं. रिसीव्हर संगणकाच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला, हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून लावला असेल, तर बाण अडखळतो, माणूस वैतागून माउस आवळतो आणि दोनदोनदा दाबतो. रिसीव्हर पुढच्या बाजूला लावा.

टेबलावर काच आणि तिच्याखाली दरपत्रक असेल, तर तेही अडचणीचं. माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून अधिक फोटो काढतो आणि ते ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. गुळगुळीत काचेवर त्याला ताडायला खूणच सापडत नाही. साधा कापडी पॅड पुरे. शिवाय बाणाचा वेग थोडा वाढवा आणि अर्जातल्या एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅब दाबा. निम्मं सरकवणं तिथेच वाचेल.

मनगटाच्या ठणक्याबरोबर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, त्यामुळे रात्री झोपमोड होत असेल, तर मात्र दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जा. मधुमेह आणि थायरॉइडमुळेही हे होऊ शकतं. मुंग्या करंगळीला येत असतील, तर ती नसच वेगळी. ती बहुधा कोपरापाशी दबते, तेव्हा कोपर टेबलाच्या कडेवर रुतवून बसायची सवय आहे का, ते आधी बघा.