शंकूची छाया आणि कलनशास्त्राचा अभ्यास

कलनशास्त्र, म्हणजे आपली मुले ज्याला कॅल्क्युलस म्हणतात, त्याच्या नावानेच पुष्कळांना कापरे भरते. हा विषय आता घरबसल्या शिकता येतो. २०१७ साली भारत सरकारने सुरू केलेल्या ‘स्वयम्’वर आय. आय. टी.च्या प्राध्यापकांचे पाठ विनामूल्य ऐकावयास मिळतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते. अमेरिकेतील एम. आय. टी.चा एकचल कलनाचा अभ्यासक्रमही असाच खुला आहे. तथापि नाव नोंदविणारे पुष्कळ आणि शेवटास जाणारे थोडे. पाठ नुसता पाहिला जातो, हे त्याचे मोठे कारण. पडद्यावरील गणित प्राध्यापकांचे असते. पाठ मध्येच थांबवून ते वहीत सोडविले, तरच ते आपले होते.

उदाहरणासाठी आपणा उज्जैनकरांस दूर जाण्याचे कारण नाही. सवाई जयसिंहाने उभारलेली व १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने गोविंद सदाशिव आपटे यांनी जीर्णोद्धार केलेली वेधशाळा गावातच आहे. तेथील शंकूची छाया हाच आपला पहिला धडा.

सूर्य विषुववृत्तापासून जितका उत्तरेस वा दक्षिणेस असतो, तितकी त्याची क्रांती. २१ मार्चच्या सुमारास ती शून्य असते व पुढे वाढू लागते. रोज किती वाढते? पहिल्या तीस दिवसांची सरासरी काढली तर सुमारे साडेबावीस कला येतात. दहा दिवसांची काढली तर साडेतेवीस. एकाच दिवसाची काढली तर जवळजवळ चोवीस. (६० कला म्हणजे एक अंश.) काळ जसजसा आखडत न्यावा तसतशी ही संख्या एका ठिकाणी स्थिर होत जाते. त्या स्थिर संख्येलाच विकलज म्हणतात. एवढे ध्यानात आले की निम्मी भीती गेली! उलट २१ जूनच्या सुमारास हीच वाढ दिवसाला एक कलाही नसते. महत्तम मूल्यापाशी विकलज शून्य होतो, हा नियम तेथे डोळ्यांना दिसतो.

भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला तो याच वाटेने. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला व त्यास १२०७ साली दान मिळाले, असा शिलालेख आहे. विद्येसाठी दिलेले दान कसे टिकते, हे धर्मादाय संस्थेच्या सभासदांनी अवश्य पाहावे. असो.

आता वाचकांसाठी एक उदाहरण. बारा अंगुळांचा शंकू घ्यावा. विषुवदिनी येथे मध्यान्ही सूर्य खस्वस्तिकापासून सुमारे २३·२ अंश दक्षिणेस असतो. म्हणून छाया बारा गुणिले त्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजे सुमारे ५·१४ अंगुळे पडते. स्पर्शज्येचा विकलज म्हणजे छेदनज्येचा वर्ग. मार्चमधील क्रांतीचा वेग वर दिला आहे. त्या अंशांचे त्रिज्यकोन, म्हणजे रेडियन, करावयास मात्र विसरू नये. दुसऱ्या दिवशी छाया किती आखडेल? उत्तर सुमारे एक दशांश अंगूळ यावे.